सुताचा बोळा

"ताई, अगं टोपडं! टोपडं कुठंय तिचं?"

धाकटीनं दोनतीनदा विचारलं, तेव्हा कुठे ताईला कळलं की आपल्याशी कोणीतरी बोलतंय. कळलं तेही आवाजावरून नव्हे. धाकटीची मान तिच्याकडे वळली होती आणि ओठ टोपड्यातल्या 'प'वर मिटले होते, त्यावरून.

"तिचं घातलंय मी," ताई म्हणाली. "तुझ्या मांडीखाली आहे ते लोळ्याचं."

पलंगावर तीन मुलं ओळीनं ठेवली होती. ठेवली होती म्हणायचं एवढंच. कर्णा भोकाड पसरून पायांनी दुपटं उडवत होता, लोळ्या कधीच कडेला पोचला होता, आणि टिपकी, तिघांत सर्वात लहान, पाठीवर निवांत पडून ताईच्या तोंडाकडे बघत होती. ही नावं मुलांच्या बापानं ठेवलेली. खरी नावं होती, पण ती दवाखान्यापुरती.

बाप भट्टीवरून नुकताच आला होता. पाव भाजणारा माणूस. भुवयांत पीठ तसंच. लोळ्याला काखेत मारून तो म्हणाला, "तीन तिघाडा, काम बिघाडा! निघायचं का? कर्णाला काट्यावर शेवटी ठेवा हं. काटा मोडला तर बाकीच्यांची वजनं राहायला नकोत."

धाकटी हसली. नवव्या महिन्याची तपासणी होती. मुलं वेळेआधीच जन्मलेली, तेव्हापासून प्रत्येक तपासणी म्हणजे घरात परीक्षेचा दिवस असे. पण आज धाकटी जरा निर्धास्त होती. तिघंही बसायला लागली होती आणि वजनं वाढली होती.

ताई हसली नाही. तिनं कापडी पिशवीत दुपटी भरली, दुधाच्या बाटल्या भरल्या आणि सर्वांत खाली डब्याचं एक स्टीलचं झाकण सरकवलं.

"झाकण कशाला गं?" धाकटीनं पाहिलंच.

"असू दे. खेळायला."

ताई ही धाकटीची मोठी बहीण. सगळी उमर कापडाच्या गिरणीत मागावर गेली. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे विचारणारी माणसंही आता राहिली नव्हती. गिरणी बंद पडली तेव्हा तिच्या कानांतली निम्मीअर्धी ताकद मागांच्या खडखडाटात संपली होती. पण गिरणीतल्या बायकांना कानांची गरज नसे. तिथं एकमेकींच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून त्या तोंडानं बोलत, आवाज न करता. ओठ मोठे हलवायचे, भुवया उचलायच्या, लागला तर हात. चार माग पलीकडच्या बाईला सासूची कागाळी सांगता यायची, आणि मुकादम मधे उभा राहिला तरी त्याला ताकास तूर लागत नसे. कोणाचं लक्ष वेधायचं असलं, तर तुटक्या सुताचा बोळा करून तिच्या पाठीवर फेकायचा. बोळा लागला की बाई वळायचीच. दिवसातून कितीदा तरी ताईच्या पाठीवर बोळा बसे, आणि तिला ते आवडे. आपल्याशी कोणाला तरी बोलायचंय, एवढा त्याचा अर्थ.

तिळं झाली तेव्हा ती पंधरवड्यासाठी म्हणून आली आणि राहिली. तीन मुलं आणि तीन मोठी माणसं, तेव्हा वाटणी आपोआप झाली. कर्णा आईचा, कारण तो दुसऱ्या कोणाकडे थांबतच नसे. लोळ्या बापाचा. टिपकी ताईची. टिपकी इवलीशी होती. भाऊ घरी आले तरी ती बरेच दिवस दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होती. घरी आली तीच ताईच्या हातात.

आणि ताई तिच्याशी बोलू लागली. ज्या बोलीत ताईला बोलायला सोपं जाई, त्या बोलीत. तोंडाशी तोंड नेऊन, ओठ मोठे करून, आवाज न करता. शिवाय भाऊ झोपलेले असत, आवाज करून कसं चालेल? लांबून बोलवायचं तर तिनं जुन्या सुताचा एक मऊ बोळा करून ठेवला होता. तो मांडीवर पडला की टिपकी मान वर करून हसे.

"ही पोरगी किती शहाणी!" येणारे-जाणारे म्हणत. "कशी टक लावून ऐकते!"

ताईची छाती फुगे.

पुढं कर्णाचं 'बाबाबा' सुरू झालं. मागोमाग लोळ्याचं 'दादादा'. टिपकी सुरुवातीला थोडं कूं-कां करी, तेही हळूहळू कमी झालं. ती फक्त ओठ हलवायची. ओठ मोठे करून, भुवया उचलून, अगदी मागावरच्या बाईसारखी, आणि आवाज नाही.

धाकटीनं ते पाहिलं तेव्हा ती हसली नव्हती. "ताई, तुझं ते गिरणीतलं बोलणं बंद कर हं. मोठ्यानं बोल तिच्याशी. मुकी करशील पोरीला!"

ताईनं मान डोलावली. दोन दिवस ती मोठ्यानं बोललीही. तिचा आवाज तिलाच नीट ऐकू येत नसे, त्यामुळे तो एकतर कुजबुजीसारखा निघे नाहीतर दरडावल्यासारखा. टिपकी गोंधळून बघत राही. तिसऱ्या दिवशी ताईचे ओठ पुन्हा मुक्यानं हलू लागले.

आणि मग मागच्या आठवड्यात ते झाकण पडलं. भावांना सर्दी झाली म्हणून आईबाप त्यांना दाखवायला गेले होते. घरात दोघीच. टिपकी गोधडीवर पाठमोरी बसून स्वतःचा मोजा ओढत होती. ताईच्या हातून झाकण निसटलं आणि ओट्यावर, मग फरशीवर खणखणत फिरलं. ताईला, ताईलासुद्धा, ते ऐकू आलं. ती दचकून वळली.

टिपकी मोजा ओढत होती.

ताईनं झाकण उचललं. पुन्हा पाडलं. मग भीतभीत आणखी एकदा. नंतर ती खाली बसली आणि पाय पोटाशी घेऊन तशीच राहिली. आवाज न ऐकवता आपण हिचे कान बंद केले, हिला मुकी केलं, हे तिच्या मनात पक्कं बसलं. धाकटीनं सांगितलं होतं. आपण ऐकलं नाही.

आठवडाभर ती हे कोणाशी बोलली नाही. तपासणी येतेय, डॉक्टर घंटी वाजवतात, त्यात काय ते कळेल, एवढाच तिनं मनाला दिलेला धीर. कदाचित पोरीला मोजाच जास्त आवडला असेल. पोरं अशी असतात.

दवाखान्यात आज गर्दी होती. वजनं झाली, काटा मोडला नाही. डोक्यांचे घेर मोजून झाले. डॉक्टरीणबाई एकेकाला उभं धरून पाय टेकवून बघत होत्या आणि लोळ्यानं त्यांचा चष्मा ओढल्यावर त्याच्यावरच खूश होत्या.

"आता कान," त्या म्हणाल्या. "सिस्टर, घ्या तिघांचे."

सिस्टर घाईत होती. तिनं कोपऱ्यातल्या जाड गादीवर तिघांना शेजारी शेजारी बसवलं. "एका घंटीत तिघं! बाहेर रांग लागलीय हो." तिनं समोर एक लाल चेंडू धरला आणि दुसऱ्या हातानं मागून, उजवीकडे, घंटी वाजवली.

ताईनं तिघांवरून नजर हलवली नाही.

कर्णा वळला. लोळ्या वळला. टिपकी वळली.

"छान!" सिस्टर म्हणाली. डावीकडून पुन्हा घंटी. तिघंही वळली.

ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. सुटलो, तिला वाटलं. वळली. सगळ्यांसमोर वळली. धाकटी कर्णाला उचलून घेत होती, बाप टोपडी शोधत होता, डॉक्टरीणबाई हात धुवायला वळल्या होत्या. सगळं आटोपलं होतं. ताईनं नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं तिला जन्मभर जमलं होतं.

पण तिनं पाहिलं होतं. गिरणीत जिला तुटलेला धागा कापडात जायच्या आत दिसायचा, तिचे डोळे ते. टिपकी घंटीला वळली नव्हती. ती लोळ्याला वळली होती. आधी लोळ्याचं डोकं फिरलं. टिपकीनं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि मग, भाऊ काय बघतोय ते बघायला, ती फिरली.

"एकटीची घ्या," ताई म्हणाली.

कोणाला ऐकू गेलं नाही. तिचा आवाज कुजबुजीतच निघाला असावा.

"एकटीची घ्या तिची!"

आता तो दरडावल्यासारखा निघाला. सगळे थांबले.

"काय झालं, आजी?" सिस्टर म्हणाली. "झाली की तपासणी."

"टिपकीची परत घ्या. भावांना बाहेर न्या. त्यांचं बघून वळते ती."

"ताई, काहीतरीच काय!" धाकटी म्हणाली. "आत्ता वळली ना डोळ्यांदेखत? अहो डॉक्टर, तिलाच कमी ऐकू येतं, म्हणून तिला वाटतं..."

डॉक्टरीणबाईंनी ताईकडे पाहिलं, मग गादीवरच्या पोरीकडे. "दोन मिनिटांचं काम आहे," त्या म्हणाल्या. "घेऊन टाकू."

बापानं दोन्ही पोरं दोन काखांत घेतली आणि तो बाहेर गेला. दार लोटलं गेलं. टिपकीला खिडकीकडे तोंड करून बसवलं. सिस्टरनं मागून घंटी वाजवली. मग जवळून. मग डॉक्टरीणबाईंनी स्वतः घंटी घेतली आणि कानाशी नेऊन हलवली.

टिपकीनं एक मोजा काढला होता आणि आता दुसऱ्याला हात घातला होता.

"मूडमध्ये नसेल," धाकटी म्हणाली.

ताईनं पिशवीत हात घातला आणि झाकण सिस्टरच्या हातात दिलं. "हे पाडा," ती म्हणाली. तिला स्वतःच्या हातानं ते पुन्हा पाडवत नव्हतं.

झाकण फरशीवर आपटलं आणि गरगरत, खणखणत फिरत राहिलं. धाकटी दचकली. दाराबाहेर कर्णानं टाहो फोडला. तो आतपर्यंत ऐकू येत होता.

टिपकीनं दुसरा मोजा काढला आणि तोंडात घातला.

धाकटी झाकणाकडे बघत म्हणाली, "म्हणून आणलंस हे."

ताईनं झाकण उचलून पिशवीत ठेवलं.

"तुला माहीत होतं. कधीपासून?"

"गेल्या आठवड्यापासून."

"आठवडाभर! आणि माझ्यासमोर जेवलीस, झोपलीस... मी तुला सांगितलं होतं ना, ताई? सांगितलं होतं की नाही? मुकी करशील म्हणून?"

"सांगितलं होतंस," ताई म्हणाली.

पुढचे दिवस मोठ्या इस्पितळात गेले. तिथं कानाच्या तपासणीची बाई होती, केस पिकलेली, सावकाश बोलणारी. तिनं झोपलेल्या टिपकीच्या डोक्याला तारा लावल्या आणि यंत्रावरच्या रेघा पाहिल्या. फार मोठा आवाज थोडासा पोचतो, बाकी नाही, असं तिनं सांगितलं.

"जन्मल्यावर कानांची तपासणी झाली असेल ना? तिघांची?"

"तिघांची झाली," बाप म्हणाला. आणि थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं. "झाली ना?"

झाली होती ती दोघांची. टिपकी तेव्हा काचेच्या पेटीत होती. ती घरी आली त्या आनंदात कोणी विचारलं नाही, आणि पुढं सगळं अनेकवचनातच होत राहिलं. तिघांना टोचलं, तिघांनी दूध घेतलं, तिघांचे कान चांगले. तिघांच्या आत एकटी पोरगी कुठे राहून गेली ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

धाकटीनं मान खाली घातली. मग एकदम म्हणाली, "ही आवाज न करता बोलायची तिच्याशी. सारखं. त्यानं झालं का हे?"

ताई दारापाशी उभी होती. त्या बाईचे ओठ तिला नीट दिसत होते. तिनं एक शब्दही चुकू दिला नाही.

"नाही. कान जन्मापासूनच तसे आहेत. बोलण्यानं कान बिघडत नाहीत," बाई म्हणाली. आणि जरा थांबून, "उशीर मात्र झाला त्यानं. ती चेहरे इतकं छान वाचते की तुम्हाला कोणाला संशयच आला नाही. हे महिने मोलाचे होते. आता यंत्रं लावू. बोला तिच्याशी, भरपूर बोला, आणि चेहरा दाखवून बोला."

ताईला त्यातलं 'नाही' पुरलं नाही. 'उशीर' तेवढा राहिला.

धाकटीनं त्यातलं 'बोला' तेवढं घेतलं. घरी आल्यावर तिनं टिपकीला स्वतःच्या पलंगावर घेतलं आणि कर्णाला ताईच्या मांडीवर दिलं. "आजपासून ही माझ्याकडे. तू कर्णाला बघ. आणि तिच्याशी ते मुकं बोलणं नको, ताई. तिच्यासमोर तोंडच हलवू नकोस. तिला आवाजाची सवय लागू दे."

"बरं," ताई म्हणाली.

सुताचा बोळा धाकटीनं कुठंतरी फेकून दिला.

यंत्रं आली. पोरीच्या कानांमागे ती टरफलांसारखी बसत, आणि कर्णा संधी मिळाली की ओढून काढी. धाकटी दिवसभर बोले. घसा बसेपर्यंत बोले. "टिपके, हा बघ चमचा! च-म-चा! इकडे बघ ना गं!" टिपकी कधी दचके, कधी रडे, पण खोलीत ताई आली की तिची मान तिकडे जाई. ताईच्या ओठांकडे. आणि ताई वळून भिंतीकडे तोंड करी. दिलेला शब्द होता. ती भिंतीकडे बघत जेवी, खिडकीकडे बघत कर्णाला थोपटे. आपला चेहरा हीच जणू पोरीच्या वाटेतली धोंड, तशी ती तो सांभाळून वावरे.

"ताई, असं काय पाहुण्यासारखं?" एकदा धाकटीचा नवरा म्हणाला.

"मेहुणे, पाहुणीच की मी. पंधरवड्यासाठी आले होते." ती हसली. "वर्षाची तपासणी झाली की जाते. पोरं चालायला लागली म्हणजे माझं काय काम?"

पोरं चालायला लागली नव्हती. पण कर्णा पलंगाला धरून उभा राही आणि वर्ष भरत आलं होतं. ताईनं आपली लुगडी घडी करून पिशवीत भरायला घेतली होती. धाकटीनं ते पाहिलं आणि काही म्हटलं नाही. दोघी बहिणी एकमेकींशी दुधाच्या बाटल्यांपुरतंच बोलत होत्या.

तपासणीच्या आदल्या दिवसाची दुपार. कर्णा दात येत असल्यामुळे सकाळपासून रडरड रडला होता आणि आता कुठे ताईच्या मांडीवर झोपला होता. ताई खिडकीपाशी स्टुलावर, खोलीकडे पाठ करून. लोळ्याही पलंगाखाली शिरून खेळता खेळता तिथंच झोपी गेला होता. त्याला बाहेर काढताना त्याच्या मुठीत धुळीनं मळलेलं काहीतरी होतं, ते टिपकीनं हिसकावून घेतलं होतं, आणि त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. धाकटी पलंगावर टिपकीला समोर घेऊन बसली होती. कर्णा उठेल म्हणून आज तिला मोठ्यानं बोलताही येत नव्हतं. घर शांत होतं.

ताईच्या पाठीवर काहीतरी लागलं.

लागलं म्हणजे काय, चिमणीनं पंख टेकावा एवढंच. पण तिच्या खांद्यांनी ते ओळखलं. मनाला कळायच्या आधी मान निम्मी वळलीसुद्धा होती. गिरणी बंद पडल्यापासून कोणी तिच्या पाठीवर बोळा फेकला नव्हता.

तिनं मान पुन्हा खिडकीकडे केली. कर्णाला थोपटत राहिली. बोळा स्टुलाखाली पडला असावा.

मागून काही नाही. मग फरशीतून धाकटीची पावलं तळपायांना जाणवली. ती जवळ आली, वाकली. आता केराच्या टोपलीत टाकेल, ताईला वाटलं. पावलं परत गेली. पलंगाची हालचाल झाली.

दुसऱ्यांदा बोळा बसला तो चांगला जोरात, दोन खांद्यांच्या मधोमध. हा बाळाच्या हाताचा नव्हता.

ताई वळली.

धाकटी पलंगावर बसली होती, मांडीत टिपकी. धाकटीचे डोळे लाल होते आणि फेकलेला हात अजून वरच होता. दोघीही ताईकडे बघत होत्या आणि दोघींचेही ओठ हलत होते, आवाज न करता. टिपकीचे ओठ सवयीनं, मोठे, भुवया उचलून. धाकटीचे मात्र घाईनं, दातांशी चिकटून, मागावर पहिल्या दिवशी आलेल्या नव्या पोरीसारखे. काय म्हणतेय ते काही केल्या उमगत नव्हतं.

ताईनं मांडीवरचं झोपलेलं पोर सावरलं, आणि धाकटीकडे पुरतं तोंड केलं.

"तोंड मोठं उघड," ती मुक्यानंच म्हणाली. "आता पहिल्यापासून सांग."